हेरेसचे पांढरे घोडे आणि ड्रेसाजचं रिंगण : एका जातीच्या चढणीचं प्रकरण

प्रकरण काय आहे

स्पेनच्या ‘पुरा रासा एस्पान्योला’ या घोड्याला आपल्याकडे बहुतेक जण अँडालुसियन म्हणून ओळखतात. जाड कमानदार मान, लांब दाट आयाळ, आखूड पाठ, आणि बहुधा पांढरा रंग. घोडेवाल्यांच्या जगात त्याला सरळ पी.आर.ई. म्हणतात. १९९० च्या सुमारास आंतरराष्ट्रीय ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली डौलात करवून घेण्याच्या स्पर्धेत, या घोड्याला ‘सर्कशीतला घोडा’ म्हणून बाजूला काढणारे लोक कमी नव्हते. २००४ मध्ये अथेन्स ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकणाऱ्या संघात हेच घोडे होते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या केंटकीत जागतिक अश्वक्रीडा स्पर्धेत असाच एक घोडा पाचवा आला, तेव्हा गुण कमी दिले म्हणून प्रेक्षकांनी पंचांची हुर्यो उडवली.

या दोन टोकांमधल्या काळात कोणते निर्णय झाले, कोणते टळले आणि कोणते उशिरा झाले, त्याची ही मांडणी. स्पर्धेच्या जाहीर नोंदींत असलेली नावंच इथे घेतली आहेत. पैदासकारांची नावं मुद्दाम वगळली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो : या काळात घोडा लोकांना वाटतो तितका बदलला नाही. त्याची निवड कोण करतं आणि कोणत्या कामासाठी करतं, हे बदललं. आणि तेही अर्ध्यावरच राहिलं.

पार्श्वभूमी

सोळाव्या शतकात स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने कॉर्दोबात शाही पागा उभारली आणि दरबारी घोड्याची पद्धतशीर पैदास सुरू केली. पुढची दीड-दोनशे वर्षं युरोपातल्या राजांना असाच घोडा हवा होता. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध अश्वशाळेच्या नावात ‘स्पॅनिश’ हा शब्द आजही आहे तो त्यामुळेच. तिथल्या लिपिझानर घोड्यांच्या मुळाशीही स्पॅनिश रक्त आहे. मग शिकारीची आणि शर्यतीची आवड वाढली, इंग्लिश थरोब्रेडची चलती झाली आणि जागच्या जागी डौल दाखवणारा घोडा मागे पडला.

१९१२ साली दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज आलं, आणि स्पेनमध्ये पी.आर.ई. ची वंशनोंदवही सुरू झाली. ही नोंदवही लष्कराच्या अश्वपैदास विभागाकडे होती. २००७ मध्ये ती ‘आन्से’ या पैदासकारांच्या राष्ट्रीय संघटनेकडे आली. नोंदवही बंद स्वरूपाची, म्हणजे आई आणि बाप दोघेही नोंदलेले असतील तरच शिंगराची नोंद. जर्मनीतल्या हॅनोव्हेरियन घोड्याची गोष्ट याच्या बरोबर उलटी. १७३५ मध्ये सेलं इथे सरकारी पागा उभी राहिली, तेव्हापासून गरजेप्रमाणे थरोब्रेड आणि त्राकेनर या दुसऱ्या जातींचं रक्त आत घेतलं गेलं. तोफा ओढायच्या असोत, शेत नांगरायचं असो की ऑलिंपिक जिंकायचं असो, तिथे कामाप्रमाणे घोडा घडवत गेले. स्पेनमध्ये घोडा ठरलेला होता आणि काम त्याच्यासाठी शोधायचं होतं.

१९७३ मध्ये आल्वारो डोमेक यांनी दक्षिण स्पेनमधल्या अँडालुसिया प्रांतातल्या हेरेस शहरात अश्वकलेची शाळा काढली. पुढे तिला राजाश्रय मिळाला आणि ती ‘रॉयल’ झाली. पर्यटकांसाठी संगीतावर घोड्यांचे कार्यक्रम करणारी संस्था म्हणून ती प्रसिद्ध होती. पण आत रोजचं काम शिस्तीचं होतं. उत्तम नर घोडे, वर्षानुवर्षं त्याच घोड्यांवर बसणारे स्वार आणि घाई करायचं कारण नाही. या प्रकरणातली पहिली मोठी नावं याच शाळेतून आली, तो योगायोग नव्हे.

अडचण

ग्रां प्री या सर्वांत वरच्या पातळीवरच्या ड्रेसाजमध्ये प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण मिळतात आणि त्यांची टक्केवारी निघते. पियाफ म्हणजे जवळजवळ जागच्या जागी केलेली दुडकी. पसाज म्हणजे हवेत क्षणभर थांबल्यासारखी, अतिशय संथ आणि उचललेली दुडकी. या दोन्ही ठिकाणी पी.आर.ई. चा हात धरणारे घोडे थोडे. त्याचा मागचा भाग सहज खाली बसतो आणि वजन मागच्या पायांवर येतं. पियाफमध्ये बारा ते पंधरा पावलं टाकायची असतात. अनेक उंच, लांब जर्मन घोड्यांना ती काढताना घाम फुटतो. हा घोडा मात्र करमणूक असल्यासारखी टाकतो. सारंगखेड्याच्या यात्रेत नाचरा घोडा पाहिलेल्या माणसाला पियाफ ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की इथे ताल सुटला, घोडा तिरका सरकला किंवा मागचे पाय नुसते झटकले गेले, तर पंच लगेच चार-पाचवर आणून ठेवतात.

अडचण होती ती लांबवायच्या चालींची. विस्तारित दुडकीत घोड्याने आखूडपणा सोडून मोठी ढांग टाकावी लागते. विस्तारित साध्या चालीत, म्हणजे न दुडकता नुसतं चालताना, मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या स्पष्ट पुढे पडावा लागतो. शिवाय तिथले गुण दुपटीने धरतात. पी.आर.ई. चा पाय वर जातो, पुढे जात नाही. त्यात अनेक घोड्यांना एक खोड : पुढचा पाय उचलला की तो बाहेरच्या बाजूला भिरकावला जातो. स्पेनमध्ये याला ‘कांपानेओ’ म्हणतात. कार्यक्रमात बाजूने पाहणाऱ्याला ते भारी दिसतं. पण ड्रेसाजमध्ये मुख्य पंच रिंगणाच्या टोकाला, मधल्या रेषेच्या बरोबर समोर बसतो. घोडा सरळ त्याच्याकडे येतो आणि पायांचं ते वल्हवणं लपवायला जागाच राहत नाही.

आणि ही खोड टिकली कशी? तर प्रदर्शनांमुळे. नर घोड्याची किंमत ठरायची ती मान, आयाळ, रंग आणि उचललेला गुडघा पाहून. २००२ पर्यंत तांबूस रंगाच्या घोड्याला नोंदवहीत जागाच नव्हती, मग त्याची चाल कितीही चांगली असो. घोड्या, म्हणजे माद्या, तर जवळजवळ कुणी बसण्यासाठी वापरतच नसे. अँडालुसियात त्यांचं काम वीण देणं आणि जुन्या काळी मळणी. प्रदर्शनात त्यांना गळ्याला गळा बांधून रांगेने फिरवायचे. म्हणजे शिंगराला अर्धं रक्त जिच्याकडून मिळतं, तिच्या पाठीवर कधी खोगीरच चढलं नव्हतं. ती स्वाराला कशी पेलते, कंटाळते की शिकते, याची नोंद कुठेच नव्हती. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत महाग पडलेली सवय.

याच काळात आजाराचा तडाखा बसला. १९८७ मध्ये नामिबियातून माद्रिदजवळच्या एका सफारी पार्कात झेब्रे आणले गेले आणि त्यांच्यासोबत आफ्रिकन हॉर्स सिकनेस आला. चिलटांमार्फत पसरणारा आणि बहुतेक घोड्यांना मारूनच सोडणारा हा रोग. पुढच्या वर्षांत तो दक्षिण स्पेनमध्ये, म्हणजे थेट पी.आर.ई. च्या माहेरी पोचला आणि १९९० पर्यंत राहिला. घोड्यांच्या ने-आणीवर कडक बंधनं आली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये घोड्यांच्या स्पर्धा होतील की नाही, अशी शंका घेतली जात होती. रोगमुक्त पट्टा आखून त्या पार पडल्या. पण ज्या वर्षांत जर्मन आणि डच घोडे दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या देशात स्पर्धा करत होते, त्या वर्षांत दक्षिण स्पेनच्या घोड्यांना घराबाहेर पडणं अवघड होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सोपा आणि खर्चिक : चांगले जर्मन घोडे विकत घ्यायचे आणि स्पॅनिश स्वारांना त्यांच्यावर बसवायचं. पदकाच्या दृष्टीने यात चूक काही नाही. आपण भारतीयांनीही हेच केलं. २०२३ मध्ये हांगझो आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण जिंकणारे चारही घोडे युरोपातले होते. त्या संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. भारतातून घोडा नेण्यात विलगीकरणाच्या इतक्या अडचणी आहेत की दुसरा मार्गच नव्हता.

दुसरा पर्याय म्हणजे स्पर्धेचा नाद सोडायचा. हेरेसचे कार्यक्रम, गुरांच्या मागे फिरणाऱ्या स्वारांची ‘दोमा व्हाकेरा’, सेव्हिलचं वार्षिक प्रदर्शन, यांत घोड्याला मानही होता आणि भावही. बऱ्याच पैदासकारांचा कल इकडेच होता. व्यापाराच्या हिशेबाने तो चुकीचा म्हणता येत नाही. युरोप-अमेरिकेतल्या हौशी ग्राहकाला सिनेमातल्यासारखा दिसणारा घोडा हवा असतो. विस्तारित दुडकीत सात गुण की सहा, याच्याशी त्याला काय देणंघेणं?

तिसरा पर्याय संकराचा. बंद नोंदवहीमुळे संकरित शिंगरू पी.आर.ई. राहत नाही. खेळाच्या मिश्र घोड्यांसाठी स्पेनमध्ये वेगळी नोंदवही आहे, पण त्या वाटेने गेलं तर जातीचं नाव मोठं होण्याचा प्रश्नच मिटतो.

चौथा पर्याय : जात तीच ठेवायची, पण तिच्यातूनच ड्रेसाजसाठी योग्य घोडे शोधायचे आणि त्यांना जर्मन पद्धतीच्या स्पर्धेची तालीम द्यायची. वेळ फार लागणार आणि यशाची खात्री नाही.

काय केलं

स्पेनने पहिल्या आणि चौथ्या पर्यायाची सांगड घातली. ती कुणी बसून आखली असं वाटत नाही. माणसं आणि घोडे जसे मिळत गेले तशी ती बसत गेली.

१९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये हेरेस शाळेचे इग्नासिओ रांब्ला ‘एव्हेंतो’ नावाच्या पी.आर.ई. घोड्यावर उतरले. संगीतावरची मुक्त फेरी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली तीही अटलांटालाच. हा बदल या जातीच्या पथ्यावर पडला. ठरलेल्या चाचणीत सगळ्या चाली ठरल्या जागी दाखवाव्याच लागतात. मुक्त फेरीत सक्तीच्या हालचाली असतात, पण त्यांची रचना स्वाराची. दुबळी चाल एकदाच दाखवून मोकळं व्हायचं आणि पियाफ-पसाज कठीण जागी, पुन्हा पुन्हा मांडायचं, हे जमतं.

२००० मध्ये सिडनीला राफाएल सोतो यांचा ‘इन्व्हासोर’ उतरला आणि स्पेनचा संघ पाचवा आला. संघाची आघाडी मात्र बेआत्रिस फेरेर-सालात यांच्याकडे होती आणि त्यांचा ‘बोव्हाले’ हा घोडा हॅनोव्हेरियन होता. पहिला खरा निर्णय इथे दिसतो. ‘सगळा संघ आपल्याच जातीचा’ असा हट्ट धरता आला असता. देशात त्याला टाळ्याही मिळाल्या असत्या. तो धरला नाही.

दुसरा निर्णय प्रशिक्षकाचा. यान बेमेलमान्स या जर्मन प्रशिक्षकाकडे संघ सोपवला गेला. ज्या देशात घोडेस्वारी ही बापाकडून मुलाला मिळणारी गोष्ट मानतात, तिथे हे सहज पचणारं नव्हतं. पण बाहेरच्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते : पंच कुठे गुण कापतो. शाळेतले स्वार पियाफ शिकवायला कुणाकडे जाणार नव्हते. त्यांना शिकायचं होतं ते कोपरा नीट घेणं, चालींमधला बदल रिंगणाच्या कडेला लावलेल्या नेमक्या अक्षरावर करणं, मान अति आखडू न देणं. या बारीकसारीक गोष्टींत गुण गळत राहिले की शेवटच्या पियाफला नऊ मिळूनही उपयोग होत नाही.

हेरेसमध्येच २००२ ची जागतिक अश्वक्रीडा स्पर्धा झाली आणि स्पेनला सांघिक कांस्य मिळालं.

अथेन्स, २००४

संघात फेरेर-सालात, सोतो, हुआन अंतोनियो हिमेनेस आणि रांब्ला. सोतोंचा इन्व्हासोर आणि हिमेनेस यांचा ‘गीसो’ हे दोघेही पांढरे पी.आर.ई. जर्मनीला सुवर्ण, स्पेनला रौप्य, अमेरिकेला कांस्य. वैयक्तिक कांस्य फेरेर-सालात आणि बोव्हाले यांना.

स्पेनमध्ये हे यश ‘आपल्या घोड्याचं रौप्य’ म्हणून साजरं झालं. ते खोटं नाही, पण पूर्णही नाही. संघातला सर्वांत वर गेलेला घोडा जर्मन होता. आणि जे पी.आर.ई. तिथवर पोचले, ते हजारो नोंदलेल्या घोड्यांतून निवडक स्वारांच्या हाती वर्षानुवर्षं घडलेले मोजके नर होते. जात पुढे आली की चार-पाच विलक्षण घोडे पुढे आले, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. जिंकल्यावर असले प्रश्न कोण विचारतं?

केंटकीतली फेरी

सहा वर्षांनी, २०१० मध्ये, लेक्सिंग्टनच्या मैदानात हुआन मानुएल मुन्योस दियास ‘फुएगो’वर मुक्त फेरीसाठी आले. फुएगो बारा वर्षांचा पांढरा नर. त्या रात्री सगळं लक्ष होतं ते काळ्या ‘टोटिलास’वर. डच स्वार एडवर्ड गाल यांच्या या घोड्याने तोवरचे विक्रम मोडले होते.

फुएगोची फेरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना एक तुकडा नक्की आठवत असेल. स्वाराने लगाम एका हातात घेतले आणि दर ढांगेला पाय बदलणारी कँटर, म्हणजे दुडकीपेक्षा वेगाची उड्यांसारखी चाल, सुरू केली. कँटरमध्ये एक पुढचा पाय अग्रेसर असतो. इथे प्रत्येक ढांगेला तो हवेतच बदलायचा, उजवा-डावा-उजवा-डावा, एका सरळ रेषेत. दोन हातांनी करतानाही घोडा डुलतो, कारण थोडा तिरपा झाला की पुढचा बदल उशिरा येतो. एका हाताने ते करायचं म्हणजे लगामाने सावरायची सोयच सोडून द्यायची. सगळं बैठकीवर आणि पायाच्या दाबावर. घोडा सरळ राहिला. प्रेक्षक फेरी संपायच्या आधीच ओरडायला लागले होते.

गुण लागले ८१.४५ टक्के. लोकांनी हुर्यो केली. शेवटी सुवर्ण टोटिलासला ९१.८० वर आणि फुएगो पाचवा.

पंच चुकले का? मला तसं वाटत नाही. प्रेक्षक पाहत होते धैर्य, ताल आणि घोड्याचा उत्साह. पंच पाहत होते तेच, शिवाय ढांगेची लांबी आणि साधी चालही. ८१ टक्के हा त्या पातळीवर मोठाच आकडा आहे. पण त्या आरडाओरड्याचा एक परिणाम झाला : ‘सर्कशीतला घोडा’ हे वाक्य त्यानंतर जाहीरपणे म्हणणं अवघड होऊन बसलं. अमेरिकेत या जातीकडे पाहण्याची नजर त्या एका रात्रीत बदलली, असं तिथले घोडेवाले सांगतात.

निकाल

पुढे २०१२ मध्ये लंडनला फुएगो आणि ‘ग्रांदिओसो’, २०१६ मध्ये रिओला पुन्हा ग्रांदिओसो आणि ‘आल्काइदे’, असे पी.आर.ई. घोडे ऑलिंपिकमध्ये दिसत राहिले. म्हणजे हजेरी पक्की झाली. पदक मात्र अथेन्सनंतर स्पेनला ऑलिंपिक ड्रेसाजमध्ये मिळालेलं नाही.

मागच्या बाजूला मात्र काम झालं. तरुण घोड्यांच्या ड्रेसाज चाचण्या, त्यांतल्या गुणांवरून आई-बापांचं आनुवंशिक मूल्यांकन, विद्यापीठांची मदत, कांपानेओ असलेल्या घोड्याला पैदाशीत मागे ठेवणं, हे सगळं एकविसाव्या शतकात सुरू झालं. घोड्याची एक पिढी दहा वर्षांच्या आसपास धरतात आणि ग्रां प्रीचा घोडा तयार व्हायला आणखी तितकीच वर्षं. त्यामुळे या कामाचं माप आत्ता कुठे घेता येईल.

वेगळं काय करता आलं असतं

माद्यांवर बसायला हवं होतं. १९९६ नंतर लगेच निवडक माद्यांना तीन वर्षं जरी स्वाराखाली काम दिलं असतं, तरी कोणत्या कुळातून शिकाऊ स्वभाव आणि लांब ढांग येते हे अथेन्सच्या आधीच कळलं असतं. त्याचा खर्च फार नव्हता. आड आली ती फक्त रीत.

प्रदर्शनाचा पंच आणि ड्रेसाजचा पंच यांना एकाच रिंगणाजवळ बसवायला हवं होतं. एकाने उचललेल्या गुडघ्याला बक्षीस द्यायचं आणि दुसऱ्याने त्याच गुडघ्याचे गुण कापायचे, यात पैदासकार बाजाराचंच ऐकणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. हा मुद्दा आपल्यालाही जवळचा आहे. भीमा खोऱ्यातल्या भीमथडी घोड्याला अलीकडेच देशी जात म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. धनगर आणि इतर भटक्या मेंढपाळांकडे तो ओझं वाहतो, लांब चालतो, कमी चाऱ्यावर राहतो. आता त्याची प्रदर्शनं भरतील. तिथे गुण उंचीला आणि रंगाला मिळणार की दिवसाकाठी तो किती चालतो याला, हे ठरवायची वेळ हीच आहे.

तिसरी गोष्ट शेजाऱ्याकडे पाहण्याची. पोर्तुगालचा लुसितानो हा पी.आर.ई. चा सख्खा भाऊ. दोघांची नोंदवही १९६० च्या दशकात वेगळी झाली. लुसितानोवाल्यांनी रंगाचा आग्रह धरला नाही. शिवाय बैलांशी घोड्यावरून झुंजण्याच्या खेळामुळे घोड्याचं धैर्य आणि चपळाई कायम कामावर तपासली जात राहिली. २०१२ मध्ये लंडनला गोन्सालो कार्व्हाल्यो ‘रुबी’वर सोळावे आले. टोकियोत पोर्तुगालचा संघ आठवा आला आणि त्याचे तिन्ही घोडे लुसितानो होते. पदक नाही, पण संपूर्ण संघ एकाच देशी जातीवर उभा करणं स्पेनला अथेन्समध्येही जमलं नव्हतं. क्लाउदिओ कास्तिया हे स्पॅनिश स्वार रिओला आल्काइदेवर, म्हणजे पी.आर.ई. वर उतरले होते. २०२४ मध्ये पॅरिसला ते स्पेनच्याच संघातून आले, पण त्यांच्या खोगिराखाली ‘हाय रिको दो सोब्राल’ होता. लुसितानो.